चार पेट्यांचा सल्ला

माझ्या फजित्या चिखलीत कुणालाही विचारा. साहेबांचा रेडिओ दुरुस्त करायला घेतला, परत जोडताना मूठभर भाग उरले आणि ते मी खिशात घालून घरी आणले — ही गोष्ट मीच इतक्या वेळा सांगितली आहे की आता ऐकणारेच शेवट सांगतात. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. त्यांना वाटतं, ह्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. एक गोष्ट राहिली. ती बायकोशीही पुन्हा कधी बोललो नाही, आणि ती तर त्यात होती.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी कचेरीत कारकून. आवाजाच्या यंत्रांची हौस दांडगी, अक्कल बेताची. पण गावात ज्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर असतो तो इंजिनियर. त्यामुळे कापसाचे अडते वामनराव मला मानायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मूलबाळ नाही, बोलणं रोखठोक. नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला त्यांच्या भाच्याने मुंबईहून रिळाचा टेपरेकॉर्डर आणला होता आणि चालू करून बायकांच्या घोळक्यात ठेवून दिला होता. बायकांनी मथुरावहिनींना, म्हणजे वामनरावांच्या पत्नीला, नाव घ्यायला लावलं. तेव्हा नवऱ्याचं नाव बाई एरवी उच्चारायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. सगळा संसार ‘अहो’ नाहीतर ‘इकडे’ वर. तर त्या रिळावर आधी बांगड्या, कपबश्या, कुणाचं तरी खिदळणं, आणि मग वहिनी:

“नव्या घराच्या उंबऱ्याशी काढली रांगोळी, वामनरावांचं नाव घेते वास्तुशांतीच्या वेळी.”

मग हसू. मग हलकेच, “झालं ना आता?”

दोन वर्षांनी वहिनी तापाने गेल्या. फोटो होता, पण फोटोत त्या घाबरल्यासारख्या दिसत. खरी वहिनी होती ती रिळावरची — अर्ध्या मिनिटाची. वामनराव बाजारातून आले की दुपारी ते रीळ लावायचे. मी गेलो की मलाही ऐकवायचे. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचं नाव घेतलेलं त्यांनी ऐकलं ते एवढंच.

एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. “बाबू, ह्या डबड्यातून ती कशी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यावानी वाटते. भाचा म्हणते, मुंबईहून स्टीरिओ आणतो. दोन उंच लाकडी पेट्या. समोर ठेवल्या का माणूस समोर बसून बोलते म्हणे. अन् अकोल्याचा लाउडस्पीकरवाला म्हणते, चार पेट्या चार कोपऱ्यांत लाव, आवाज साऱ्या घरात भरते. तुले समजते त्यातलं. मी काय घेऊ?”

उत्तर सोपं होतं. एका बाईचा एक आवाज. तो स्वच्छ, जसा होता तसा ऐकायचा, तर स्टीरिओ. मी तेच सांगणार होतो. पण जाणकाराने लगेच सांगितलं तर जाणकार कसला? मी म्हणालो, “यंत्र अन् रीळ घरी नेतो. नीट ऐकून सांगतो.” त्यांनी रीळ धुतलेल्या रुमालात बांधून दिलं. बोळवण करताना म्हणाले, “सांभाळून ने बे.”

आता — कसं सांगू?

घरी आमची ही मागच्या अंगणात शेवया वाळत घालत होती. मी यंत्र मांडलं. सोबत कोरं रीळ होतं, त्याच्यावर माझा आवाज कसा येतो बघावं असं वाटलं. का वाटलं? कारण मला स्वतःचा आवाज आवडतो. लाल बटण दाबलं आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या ढंगात चिखलीच्या बातम्या दिल्या. अमक्याची म्हैस तमक्याच्या ज्वारीत शिरली, चर्चा सौहार्दाच्या वातावरणात सुरू. मी मनापासून रंगलो होतो. संपल्यावर टेबलाकडे पाहिलं. कोरं रीळ रुमालाशेजारी होतं. रुमाल रिकामा होता.

मी उलटं फिरवून पुन्हा पुन्हा लावलं. बांगड्या नाहीत, कपबश्या नाहीत. जिथे वहिनींनी वामनरावांचं नाव घेतलं होतं तिथे एक म्हैस होती.

इथपर्यंत चूक. चूक मी पोटात ठेवली नसती हो, रडतरडत जाऊन सांगितली असती — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं असं की मला सांगायचा विचार आलाच नाही. पहिला विचार आला तो असा: वहिनींचा अन् आपल्या हिचा आवाज तसा जवळपासचा आहे.

हिने आधी ऐकूनच घेतलं नाही. “परक्या माणसाचं नाव घेऊ मी? मेलेल्या बाईच्या तोंडानं? काऊन म्हणून?”

मी सांगितलं, म्हातारा मरेल. तिने उरलेल्या शेवया वाळत घातल्या. मग हात पुसून आली, डोक्यावर पदर घेतला आणि यंत्रासमोर बसली. मी एका हाताने कपबश्या वाजवत होतो, दुसऱ्या हातात तिच्याच बांगड्या खुळखुळवत होतो, आणि खिदळणाऱ्या बायकांच्या ठिकाणीही मीच होतो. हसू येतंय ना? मलाही त्या वेळी आलं.

मी तिला उखाणा तेवढा सांगितला होता. ती देऊळघाटची, आमचं लग्न वास्तुशांतीनंतरचं, ते रीळ तिने कधी ऐकलेलं नव्हतं. तिने उखाणा एका दमात घेतला. मी बटण बंद करायला हात नेला, तर ती हसली आणि हलकेच म्हणाली, “झालं ना आता?”

कोणतीही बाई असंच म्हणेल. म्हणेल ना? मी तिला विचारलं नाही. ती उठून शेवया उलटायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी वामनरावांना सल्ला दिला. चार पेट्या घ्या. स्टीरिओत आवाज उघडा पडतो, असं म्हणालो — तेवढं एक वाक्य खरं होतं. चारी कोपऱ्यांतून येईल, एकमेकांत मिसळेल, घुमेल. कुठला सूर कुणाचा, कोण ओळखणार? म्हटलं, रीळही जरा घासलंय, फरक वाटला तर घाबरू नका. भाच्याने नाराजीचं पत्र लिहिलं. वामनरावांनी माझं ऐकलं.

पेट्या लागल्या त्या दुपारी मी हजर होतो. बैठकीच्या मधोमध त्यांनी खुर्ची ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. रीळ फिरलं. आवाज आधी दाराच्या कोपऱ्यातून आला, मग पाठीमागून. एखादी तार सैल असेल. वामनरावांची मान आवाजामागे फिरत होती — घरात वावरणाऱ्या माणसाकडे आपण बसल्या जागेवरून बघतो, तशी. संपलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा संपलं.

“बाबू,” ते म्हणाले, “हे पहिलं नाही.”

मी यंत्राची बटणं पुसायला लागलो.

“पहिल्याले ती रांगोळी म्हणताना अडखळली होती. ह्याच्यात नाही अडखळली.” मग अगदी हळू, “तिनं दुसऱ्यांदा घेतलं रे माझं नाव.”

तुम्ही समजलात ना? चाळीस पेट्या लावल्या असत्या तरी त्या माणसाने फरक ओळखला असता. फक्त त्याचा अर्थ त्याने त्याच्या परीने लावला. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — वामनराव, ती माझी बायको आहे. मी म्हणालो, “असं होते कधी कधी.”

सैल तार मी दोनदा बघितली. तार पक्की होती.

संक्रांतीला ही माझ्यासोबत त्यांच्याकडे तिळगूळ द्यायला आली. दारातून म्हणाली, “येऊ का?” वामनरावांनी मान वर केली आणि हिच्याकडे बघितलंच नाही. ते दाराशेजारच्या कोपऱ्यातल्या पेटीकडे बघत म्हणाले, “ये ना.” हिने तिळगूळ उंबऱ्यावर ठेवला आणि परत फिरली. त्यानंतर त्या गल्लीतून ती गेली नाही.

त्यांनी बाजार सोडला. दुपारी खुर्चीत बसायचे, यंत्र चालू, रीळ मात्र लावलेलं नाही. चार पेट्यांतून नुसती घरघर. मी विचारलं तर म्हणाले, “जिनं दोनदा घेतलं ती तिसऱ्यांदा घेईन. मी इथं पाहिजे ना तवा.” मी बोललो की बोट ओठावर ठेवायचे. मग आम्ही दोघेही त्या घरघरीकडे कान लावून बसायचो. सांगायला लाज वाटते, पण मीही ऐकत होतो. मलाही वाटायचं, आता येईल.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, अकोल्याला न्या, ऑपरेशन केलं तर माणूस उठेल. भाचा मुंबईहून जीप ठरवून आला. वामनराव खुर्चीतून हलले नाहीत. “आठ दिवस तिकडे पडलो अन् इकडे तिनं हाक मारली तर?” भाचा माझ्या पाया पडला — बाबू, तुमचं ऐकतात ते, तुम्ही सांगा. आम्ही दोघं बैठकीत गेलो. त्या दिवशी गिळलेलं एक वाक्य होतं माझ्याकडे. ते बोललो असतो तर वामनरावांनी मला मारलं असतं, पण जीपमध्ये बसले असते. गावात माझं नाव काय झालं असतं, हिच्याबद्दल लोक काय बोलले असते, ह्याचा हिशेब मी त्या उन्हात उभ्याउभ्या केला.

“मामांची इच्छा नाही तर राहू द्या,” मी म्हणालो.

जीप रिकामी गेली. पावसाळ्याच्या आधी वामनराव खुर्चीतच गेले. मान दाराच्या बाजूला वळलेली होती.

तेराव्याला भाच्याने मला बाजूला घेतलं. “बाबू, मामा अकोल्याले काऊन नाही आले? तुम्ही रोज होते त्यांच्याजवळ. काही बोलले का तुमच्यापाशी?”

“नाही,” मी म्हणालो. “हट्टी होते ते.”

त्याने मान हलवली आणि माझ्या पानावर आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली. मी ती खाल्ली.