शेवटचं पाकीट

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बस दुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथले मेकॅनिक त्यांना 'कुलूप' म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं. नवा माल आल्याशिवाय फळीवरचा शेवटचा नग द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. साध्या बोल्टावाचून बस अडून राहायची, मेकॅनिक डोकं आपटून घ्यायचा आणि हे जाळीमागून शांतपणे विचारायचे, "उद्या खरी गरज पडली तर काय देऊ?" त्यांची नक्कल करून ताई आणि मी किती हसलोय!

ताईचा कॅन्सर कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. बरं होणार नाही, त्रास कमी ठेवता येईल, म्हणाले. घरी आल्यावर ताई चपला न काढताच कॉटवर बसली. "मरायचं ते मरेन. पण अहो, मला दुखू देऊ नका." भाऊजी "नाही देणार" म्हणाले आणि लगेच काचेचं कपाट रिकामं करायला लागले.

पाहुण्यांच्या कपबशा माळ्यावर गेल्या. त्यांच्या जागी औषधं आली, प्रत्येकाखाली चिठ्ठी चिकटवून : तापाचं, उलटीचं, तोंड आलं तर. रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत, हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी. कॉटच्या दांडीला तर त्यांनी सायकलची घंटी बसवली, ताईला हाक मारायचेही कष्ट नकोत म्हणून. ताई ती उगाचच वाजवायची. हे धावत आले की म्हणायची, "काही नाही, गाडी नीट चालतेय का बघत होते." एरवी मी या माणसाला नावं ठेवायला टपलेलीच असायचे. पण ते कपाट बघून मला भरून आलं.

दुखण्याच्या गोळ्या सगळ्यात वरच्या खणात होत्या. त्या मोठ्या हॉस्पिटलातच मिळायच्या. कळ यायची वाट न बघता वेळच्या वेळी द्या, असं नर्सने बजावलं होतं आणि भाऊजी घड्याळ लावून द्यायचे. मग एकदा तिथला साठाच संपला. ते रिकाम्या हाताने परतले आणि नव्या गोळ्या येईपर्यंत ताई उशीचं टोक दातांत धरून पडून होती. भाऊजींनी त्याचा धसकाच घेतला. पुढच्या खेपेला त्यांनी एक पाकीट कपाटात अगदी मागे सारून ठेवलं.

साठा पुन्हा संपला, त्या दुपारी मी तिथेच होते. घंटी वाजली, पण थट्टेची नव्हती.

"गोळ्या संपल्या का हो?" ताईने विचारलं.

"एक पाकीट आहे. राखून ठेवलंय."

"कशाला?"

"जास्त दुखेल तेव्हा लागेल ना."

ताईला रागही आला नव्हता. "अहो," ती म्हणाली, "याच्यापेक्षा जास्त?"

माझा मात्र तोल गेला. "भाऊजी, हे तुमचं स्टोअर नाही!" मी ओरडले. ते स्टुलावर चढले, पाकीट काढलं, गोळी तिच्या जिभेवर ठेवली. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं, त्याबरोबर गोळीही. तिला आता गिळताच येत नव्हतं. चमच्यात विरघळवून दिली, तरी तेच. आम्ही फोन केला. इंजेक्शन घेऊन डॉक्टर आले तेव्हा दिवस मावळला होता आणि ताईचं कण्हणंही थांबलं होतं.

नंतर दुखवट्याला येणारे सगळे कपाटाकडे बघून म्हणायचे, किती केलंत तुम्ही! भाऊजी मान हलवायचे. ते त्यांना टोचत होतं, हे मला दिसायचं. माझा राग कधी गेला, कळलंच नाही.

उरलेली औषधं हॉस्पिटलात परत द्यायला मी निघाले, तेव्हा ते पाकीट त्यांनी स्वतः खाली काढलं. एक गोळी सोडली तर भरलेलंच होतं. माझ्या हातात ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली.

"ज्याला लागेल त्याला दे," ते म्हणाले. "आणि सांग, आजच द्या म्हणावं."