विहीणबाई आणि चार वाजताचा इंग्लिश चहा

आमच्या विहीणबाईंना या जगात परकं माणूस म्हणून कुणी नाहीच. समोर आलेलं माणूस दोन घटकांत त्यांचं नातलग होतं. एकदा केळशीहून मला फोन लावताना त्यांचा एक आकडा चुकला आणि तो साताऱ्याकडच्या कुणा गृहस्थाला लागला. दुसरी कुणी असती तर तिनं चुकून लागला म्हणून ठेवून दिला असता. यांनी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला, आणि आता दर मे महिन्यात ते सगळं कुटुंब केळशीला आंबे खायला उतरतं. दवाखान्यात गेल्या की डॉक्टर यांची नाडी बघतो आणि विहीणबाई डॉक्टरचा चेहरा बघतात. "डोळे खोल गेलेत रे बाबा तुझे, जेवतोस की नाय वेळेवर?" असं त्यालाच विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कालवणाचा डबा पोचतो.

मी अगदी उलट. चौथीपर्यंत शिकले, आणि परक्या माणसानं पत्ता विचारला तरी पदर सावरून आत जाणारी. आमचे हे होते तोवर माझ्या वतीनं हेच बोलायचे, हे गेल्यावर मुलगा बोलू लागला. माझं काही अडत नव्हतं. फक्त एकदा, विहीणबाईंबरोबर कोळंबी सोलत बसले असताना, माझ्या तोंडून निघून गेलं की आपल्या हातचं काहीतरी घराबाहेर चार माणसांत जावं असं फार वाटतं, पण कुणाला विचारायला जीभ उचलत नाही. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझी सून, म्हणजे त्यांची लेक, मांडवीजवळच्या एका नव्या हॉटेलात कचेरीचं काम बघते. तिथं वरच्या मजल्यावर काचेचं दालन आहे. दुपारी चार वाजता तिथं इंग्लिश पद्धतीचा चहा मिळतो. विहीणबाई रत्नागिरीला आल्या तेव्हा सुनेनं आम्हा दोघींचं नाव नोंदवलं. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. विहीणबाई म्हणाल्या, "चहानंच उतरतं ते. लुगडं बदला."

आत पांढरे टेबलक्लॉथ, खिडकीतून समुद्र, आणि सगळी माणसं देवळात बोलावं तशी हळू बोलत होती. मी खुर्चीच्या कडेवर बसले. विहीणबाई मात्र स्वतःच्या ओटीवर बसाव्यात तशा ऐसपैस बसल्या. वाढणाऱ्या मुलीनं किटली आणून ठेवली. तिच्यावर लोकरीचं जाड झाकण होतं. "अगो, किटलीला टोपरं!" विहीणबाई सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बाळंतीण कुठंय?" मुलगी हसू दाबत म्हणाली, "आजी, चहा गरम राहावा म्हणून." तोवर दुसरी एक तीन मजली ताटल्यांचा मनोरा घेऊन आली. एकावर एक तीन ताटल्या, मधून दांडी. खाली काकडीचे सँडविच, मध्ये गोल फुगीर गोड पाव, वर केक. खालून वर खात जायचं अशी रीत आहे, असं त्या मुलीनं सांगितलं. विहीणबाईंनी एक सँडविच बोटांत धरून उजेडात बघितला. "केवढासा हा! विहीणबाय, एवढासा घास तर मांजराला घालताना आपल्याला लाज वाटेल वो." मग चहाचा घोट घेतला आणि मुलीला जवळ बोलावून मायेनं म्हणाल्या, "बाय, हा उकळायचा राहिलाय. आल्याचा तुकडा आहे का घरात?" शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं जोडपं आमच्याकडे बघायला लागलं, तर यांनी त्यांना आपल्यातला गोड पाव देऊ केला, आणि त्यांनी तो घेतलाही!

खाऊन झालं. एक केक तेवढा उरला होता. मुलगी मनोरा उचलायला आली तशी विहीणबाईंनी दांडी धरली. "थांब. रिकामं भांडं परत धाडायचं नसतं. त्यात लेकीच्या दारचं आहे." उरलेला केक त्यांनी आपल्या बशीत काढला. पिशवीतून डबा काढला. केळशीला न्यायला म्हणून मी त्यांना ओल्या नारळाच्या वड्या करून दिल्या होत्या. त्या वड्या त्यांनी तिन्ही ताटल्यांत गोल मांडल्या, मधोमध दोनदोन जास्त ठेवल्या, आणि म्हणाल्या, "ने आता."

ती मुलगी मनोरा घेऊन आत गेली. मग आतून बोलल्याचे आवाज आले, आणि हॉटेलच्या मालकीणबाई स्वतः मनोरा हातात धरून आमच्याकडे येताना दिसल्या. सुनेची नोकरी गेली, असंच वाटलं. त्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "या वड्या कुणी केल्या?"

मी विहीणबाईंकडे बघितलं. आयुष्यभर ज्या बाईला कुणी गप्प करू शकलं नाही, त्या बाईनं त्या क्षणी बशीतला केक अख्खा तोंडात कोंबला. गाल फुगवून त्या समुद्राकडे बघत बसल्या. मी टेबलाखालून पाय लावला. त्यांनी पाय मागे घेतला.

"मी," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"इतक्या पांढऱ्या कशा होतात हो? आमच्या आचाऱ्याच्या पिवळट होतात."

मग मी सांगितलं. नारळ खवताना करवंटीपर्यंत जायचं नाही, पांढरं तेवढंच घ्यायचं. आच मंद. मिश्रण कढईची कड सोडायला लागलं की उतरवायचं, एवढासाही वेळ जास्त ठेवायचं नाही. सांगता सांगता माझे हातच हलायला लागले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून ऐकलं. वरच्या ताटलीत ठेवायला दर शनिवारी करून द्याल का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मुलाला विचारून सांगते असं ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "देईन."

तेव्हा कुठं विहीणबाईंनी केक गिळला. "पाणी द्या वो कुणीतरी," म्हणाल्या, "जीव गेला माझा."

विहिणीला मानाची साडी द्यायची रीत आहे, आभार मानायची नाही. मीही मानले नाहीत. म्हणून या वहीत लिहिते आहे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालतात थोडं, पण बोलणं गेलं. एक दोन शब्द निघतात, तेही त्यांच्या लेकीलाच कळतात. महिन्यातून एकदा मी एकटी केळशीला जाते, त्यांच्या ओटीवर बसते, आणि रत्नागिरीतलं सगळं सांगते. कुणाचं लग्न ठरलं, बाजारात सुरमई किती आली, दालनातल्या त्या मुलीला मुलगा झाला. माझं सांगणं संपतंय असं वाटलं की त्या डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर हळूच थापटतात. मग मला आणखी काहीतरी आठवतं, आणि मी बोलत राहते.