कात्रीकाकांची दुसरी खुर्ची

कात्रीकाका दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली कधी मान देत नसत. गल्लीतल्या बापांच्या आणि मुलांच्या दाढ्या त्यांनीच केल्या, पण स्वतःची मात्र आरशात बघून स्वतःच. हर्नियाच्या ऑपरेशनाआधी पोटावरचे केस काढायला वॉर्डबॉय आला, तर त्यालाही त्यांनी वाटेला लावलं आणि ते काम आपणच उरकलं. या हट्टापुढे काकूंनी केव्हाच हात टेकले होते.

हट्टाचं एक वेळ चालेल, पण हातांना चैन पडत नाही त्याचं काय करायचं? ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी काकांना समोरच्या खाटेवरच्या आजोबांचे वाढलेले खुंट बघवेनात. हळूच उठून त्यांनी आजोबांना गुळगुळीत केलं. मग शेजारचा म्हणाला, माझी पण करा. संध्याकाळपर्यंत अख्खा वॉर्ड नवरदेवांचा दिसायला लागला. नर्सबाईंनी कौतुकाने नोंद केली, की रुग्ण हिंडतोफिरतो, इतरांच्या दाढ्याही करतो.

विमा कंपनीला नेमकं तेवढंच दिसलं. इतका ठणठणीत माणूस दवाखान्यात राहिलाच कशाला, असं म्हणून तिने क्लेम नामंजूर केला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! पाठोपाठ दवाखान्याचं बिल आलं, मारुतीच्या शेपटाएवढं.

काकूंनी दुकानात दुसरी खुर्ची घ्यायची म्हणून पैसे साठवले होते. लेक कटिंग शिकून तयार होती आणि खुर्ची नाही म्हणून परक्या पार्लरमध्ये राबत होती. काका म्हणाले, भरून टाकू, धोंडा मीच माझ्या पायावर पाडून घेतलाय. ते ऐकून काकू जास्तच चिडल्या.

त्यांनी चष्मा लावून बिल वाचलं. केस काढण्याचे पैसे लावले होते. खाटेशी रात्रंदिवस बसलेल्या खास नर्सचेही लावले होते. खाटेशी तर स्टुलावर बसून काकूंचीच पाठ मोडली होती! काकांना पुढे घालून त्या बिलाच्या खिडकीशी गेल्या.

"हे हिंडून दाढ्या करत होते, म्हणून विमा मिळत नाही. आणि खाटेवरून हलत नव्हते, म्हणून नर्स लावली," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला नवरे किती, ते आधी ठरवा."

रांगेतले लोक हसले. कारकुनाने डोकं खाजवलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"चालायला मीच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "दाढ्या करायला मात्र नव्हतं."

ऑपरेशन गरजेचं होतं आणि चालणं हा उपचाराचाच भाग होता, असं त्यांनी लिहून दिलं. न केलेल्या कामांचे पैसे बिलातून गेले. विमा कंपनीने बरेच आढेवेढे घेतले, पण काकू रोज फोन करायच्या. शेवटी तिकडची मुलगी नुसत्या आवाजावरून त्यांना ओळखायला लागली आणि एकदाचा क्लेम मंजूर झाला.

खुर्ची आली, लालभडक. लेक नवा टॉवेल खांद्यावर टाकून पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघत उभी राहिली. कोणी येईना. तिचा चेहरा उतरलेला काकांना बघवला नाही. ते आपल्या जागेवरून उठले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

"बाबा, तुम्ही?"

"पैसे देणार आहे, फुकट नाही," काका म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी मान मागे टाकली.