पाखराची राखण

जुन्या वस्तू नव्यानं रंगवून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आपलं बालपण आपण फुकटात काढलं आणि आता हे लोक तेच आपल्याला खोक्यात घालून विकतात. तरीही धाराशिवच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानात ते खोकं दिसलं आणि मी तिथून हलू शकले नाही. आत जुने टीव्हीवरचे खेळ होते, नव्या टीव्हीला जोडता येतील असे. सोबत दोन रिमोट आणि त्यांवर तीच लाल बटणं. मी दुकानदाराशी विनाकारण भांडले आणि ते घेऊन घरी आले.

गुडघ्याच्या उपचारासाठी आई गावाहून माझ्याकडं राहायला आली होती. दिवसभर गॅलरीत बसून खालच्या रिक्षावाल्यांना नावं ठेवणं एवढाच तिचा उद्योग उरला होता. माझ्याशी ती बोलायची ते जेवण आणि गोळ्यांपुरतं. मला ती पूर्वीची आई हवी होती, आणि ती या खोक्यात असेल असं वाटण्याइतकी मी खुळी झाले होते.

आमच्या घरी हा खेळ पहिल्यांदा आला तो माझ्या लहानपणी, गावी तामलवाडीला. मामानं सोलापूरहून माझ्यासाठी आणला, टीव्हीला जोडून दिला, खेळाची कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर कशी मारायची ते शिकवलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गेला. शाळा असताना खेळाला हात लावायचा नाही, असा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, हुकूम सुटला. आईनं तो खेळ टीव्हीशेजारी ठेवून वर क्रोशाचा रुमाल घातला. मग एकदा शाळा लवकर सुटली. घरी येऊन बघते तर रुमाल बाजूला आणि आई मांडी घालून टीव्हीसमोर, हातात रिमोट. ती दचकलीसुद्धा नाही. दुसरा रिमोट घे म्हणाली, एकटीनं होत नाही.

तिला आवडायचा तो रणगाड्यांचा खेळ. खाली मधोमध विटांचं एक छोटं कुंपण, त्यात एक पाखरू. वरून शत्रूचे रणगाडे येतात, विटा फोडतात, आणि त्यांची गोळी पाखराला लागली की खेळ संपला. आपण दोघींनी आपापल्या रणगाड्यानं त्यांना अडवायचं. आईनं आयुष्यात रणगाडा पाहिला नव्हता. तिच्या लेखी ते सगळे टॅक्टर. पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांना ती ऊस म्हणायची आणि एकेका स्टेजला रान. पाचवं रान झालं, आता सहाव्यात ऊस लई हाय, टॅक्टर दिसायचे न्हायत, असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की अण्णांना जेवताना ठसका लागायचा. सुगीत गोफण घेऊन ज्वारीवरची पाखरं हाकलणारी बाई दुपारी पाखराची राखण करते, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दुपारचा तो वेळ तिचा एकटीचा होता, एवढं मला तेव्हाही समजत होतं. अडचण एकच होती. खेळ बंद पडला की परत पहिल्या रानापासून सुरू, आणि आमच्याकडं लाइट तर जायचीच. लोडशेडिंगची वेळ आठवड्याला बदलायची. कितीही चपळाई केली तरी शेवटच्या रानांपर्यंत पोचायच्या आत पडदा काळा व्हायचा. शेवट आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

शेवटाचा प्रश्न काढला तो किराणा दुकानवाल्या काकूंनी. त्या घरी कानडी बोलायच्या, गल्लीत मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत वाळवणाची सावड असायची. आज सगळ्या बायकांनी एकीच्या घरी पापड लाटायचे, उद्या दुसरीच्या घरी शेवया करायच्या. कुणी आपल्याकडं येऊन राबलं की आपण तिच्याकडं जाऊन राबायचं. आमच्या घरच्या एका पाळीला मी खेळत होते, तेव्हा काकूंचं लक्ष टीव्हीकडं गेलं. पाखरू का कोंडलंय, असं त्यांनी विचारलं. राखायला, आई म्हणाली. राखून झाल्यावर सोडत्यात का त्याला, काकूंनी विचारलं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. सोडत असतील, नाहीतर राखायचं कशाला, असं ती भाकरी थापताना आपल्याशीच बोलायची. शेवटच्या रानानंतर भिंती पडतील आणि पाखरू वर उडून जाईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. ते उडताना तिला बघायचं होतं. हळूहळू सगळ्या गल्लीलाच ते बघायचं झालं.

मग आमच्या उडदाच्या पापडांचा दिवस आला. त्या आठवड्यात लाइट सकाळी लवकर यायची ती पार दुपारपर्यंत टिकायची. बायका पोळपाट घेऊन गोल बसल्या. आई पदर खोचून लाटायला बसणार, तेवढ्यात काकूंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"तुमची पाळी आमी करताव," त्या म्हणाल्या. "तुमी पाखराचं बघा."

घरची बाई सावडीच्या दिवशी कामाला हात लावत नाही, हे आमच्या गल्लीत कधी घडलं नव्हतं. आई ओशाळली, नको नको म्हणाली आणि रिमोट घेऊन बसली. मी तिच्या शेजारी. बायका टीव्हीकडं तोंड करून लाटत होत्या. त्या दिवशीचे पापड पुढं वर्षभर ओळखू यायचे, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखे. एकेक रान मागं पडत गेलं. कधीच न पाहिलेली रानं आली. चहा कुणी केला, कुणी दिला, कळलं नाही. शेवटचा टॅक्टर फुटला तेव्हा लाटण्यांचा आवाज पार थांबला होता.

पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. पहिलंच रान होतं. त्याच विटा, तेच कुंपण, आत तेच पाखरू. फक्त टॅक्टर जास्त वेगानं सुटले होते.

काकू कानडीत काहीतरी पुटपुटल्या. आईनं आपला टॅक्टर वळवला. मला वाटलं, ती नेटानं परत खेळणार. तिनं तो कुंपणाच्या वर नेऊन उभा केला आणि खाली तोंड करून गोळ्या मारायला सुरुवात केली. कुणी सोडत नाही तर आपणच सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिल्या गोळीनं वीट फुटली, दुसरीनं उरलेली फुटली. तिसरी सरळ आत गेली आणि पाखराच्या जागी काळा ढिगारा झाला.

खेळ संपल्याची अक्षरं खालून वर आली आणि पडद्याच्या मध्यावर थांबली. एरवी वेळ पाळणारी लाइट त्या दिवशी गेली नाही. मीच उठून टीव्ही बंद केला.

आईनं काकूंकडून लाटणं परत घेतलं आणि खाली मान घालून उरलेले पापड लाटले. पुढचे कित्येक दिवस ती सावड फेडायला घरोघर जात होती. खेळाला तिनं पुन्हा हात लावला नाही. डोळे चुरचुरतात म्हणाली. खेळ माळ्यावर गेला. मला मात्र तो बनवणाऱ्यांचा भयंकर संताप आला होता. पाखरू शत्रूच्या गोळीनं मरतं ते ठीक, पण आपल्याही गोळीनं मरावं, असा खेळ कुणी कशासाठी करतं?

धाराशिवच्या घरात मी तो नवा खेळ टीव्हीला जोडला आणि रणगाड्यांचा खेळ लावला. सुरुवातीची ती चार ओळींची धून वाजली. गॅलरीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई भिंतीला धरत आली, कॉटवर बसली आणि हात पुढं केला.

"दुसरा रिमोट घे," ती म्हणाली.

बोटं जड झाली होती. पहिल्या दोन खेपा आम्ही पटकन मेलो. आई रिक्षावाल्यांना द्यायची ती सगळी नावं टॅक्टरना देत होती आणि मला बरं वाटत होतं. तिसऱ्या खेपेला वरून शेवटचा एकच टॅक्टर उरला, तेव्हा तिनं मला थांबवलं. त्याला मारायचा नाही, वरच अडवून धरायचा. मी आडवी उभी राहिले. तो माझा एकेक जीव घेत होता आणि मी परत परत जाऊन त्याच्यासमोर उभी राहत होते.

आईनं आपला टॅक्टर खाली आणला. वर नाही, बाजूला. कुंपणाच्या वरच्या विटांच्या रांगेला समांतर उभी राहून तिनं आडवी गोळी मारली. गोळी पाखराच्या डोक्यावरून निघून गेली, विटा तेवढ्या फुटल्या. मग ती वर गेली आणि तिनं डाव्या भिंतीच्या सरळ रेषेत खाली मारलं. मग उजवीच्या. पाखराला धक्का लागला नाही. हे तिला कधी सुचलं, मी विचारलं.

"तवाच. दुसऱ्या दिवशी काकूच्या शेवया करताना."

"मग तेव्हाच का नाही खेळलीस?"

"येकदा माझ्या हातनं मेलं व्हतं," ती म्हणाली. "भ्या वाटत व्हतं मला."

इतकी वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं आणि मला वाटत होतं, ती विसरली.

पाखरू उघड्यावर होतं. ते चित्र होतं, ते उडणार नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. माझा शेवटचा जीव गेला आणि तो टॅक्टर खाली येऊ लागला. आई पाखराच्या पुढं जाऊन उभी राहिली. तो गोळी मारायचा, ती आपल्या गोळीनं ती वाटेतच विझवायची. त्याला मारणं सोपं होतं, पण मग हे रान संपलं असतं आणि पुढच्या रानात पुन्हा भिंती आल्या असत्या. म्हणून ती त्याला मारत नव्हती.

"काकूस्नी फोन लाव," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "म्हणावं, भिताडं पाडली. पाखरू जित्तं हाय."

मी फोन लावला आणि तिच्या कानाशी धरून उभी राहिले.