कुंपणावरचा सदरा

बार्ब्राबाईंचा प्यादरवरचा राग हिवाळा सरत आला तरी निवला नव्हता. त्यांच्या घरात वितोल्द आणि झेनेक हे दोन पोलिश भाऊ भाड्याने राहत. झेनेक प्यादरच्या मासेमारी बोटीवर होता. ऑक्टोबरात तो समुद्रात पडला, तो परत आलाच नाही. "मी लगेच बोट वळवली रे," असं प्यादरने वितोल्दला देवाशपथ सांगितलं. खरं तर जाळं भरलं होतं म्हणून तो वळलाच नाही, हे दुसऱ्या खलाशाने दारूच्या भरात ओकून टाकलं होतं. गाव सगळं जाणून होतं, पण निम्म्या गावाची चूल प्यादरच्या बोटींवर पेटायची, मग बोलतंय कोण! बार्ब्राबाईही वितोल्दला काही बोलल्या नाहीत. ऐकीव गोष्ट प्यादरने सहज झटकली असती. त्यांना ती त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची होती.

जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी घरोघर कुंपणावर कापड टाकतात. बाळंतिणी-गाईगुरांना जपणारी संत ब्रीद त्या रात्री जाता जाता त्यावर हात फिरवते आणि मग ते वर्षभर अडलेल्या बायांच्या, गाईंच्या कामी येतं. त्याला म्हणायचं ब्रात. बार्ब्राबाईंचा ब्रात पंचक्रोशीत गुणाचा.

"आमच्या भाषेत ब्रात म्हणजे भाऊ," वितोल्द हळूच म्हणाला.

बार्ब्राबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि झेनेकचा लाल चौकटीचा सदरा नेऊन कुंपणावर टाकला. प्यादरची गाय मार्चात विणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मार्चातल्या एका दुपारी प्यादर धापा टाकत दारात आला. "मावशी, गाय अडलीय. डॉक्टर येईस्तोवर जगत नाही. तुझा ब्रात दे लवकर!"

बार्ब्राबाईंनी सदरा पुढे धरला. "घे. तुझ्या हाताने घाल तिच्या पाठीवर."

प्यादरचा हात अर्ध्यावरच थांबला. "दुसरं... दुसरं काही नाही?"

"यंदाचा हाच. का रे, चावतो काय तुला?"

"छळू नको गं मावशी! मी वळणारच होतो. जाळं वर आलं की वळणारच होतो!"

आत बटाटे सोलत बसलेला वितोल्द उठून दारात आला. "जाळं वर आलं की?"

वितोल्दने बाईंच्या हातातून सदरा घेतला आणि छातीशी धरला. "हा मिळणार नाही," तो म्हणाला.

"ऐकलंस ना? नीघ आता," बार्ब्राबाई म्हणाल्या.

संध्याकाळी गाय गेल्याचं कळलं. बार्ब्राबाईंना वाईट वाटलं. गाईचं.