लिंबाजी मिस्त्रींचा डावा पाय

कुठल्याही गाडीत बसण्याआधी लिंबाजी मिस्त्री डाव्या पायातली चप्पल काढायचे, बादलीतलं पाणी पायावर ओतायचे, तळवा फडक्याने कोरडा करायचे आणि मगच तो क्लचवर ठेवायचे. उजव्या पायातली चप्पल तशीच. जिंतूर रोडवरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, हा माणूस गाडी दुरुस्त करणार आहे की पूजेला बसणार आहे? मला घाई होती. मला नेहमीच घाई असते. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना पोरांनी गणित मांडायच्या आत मी उत्तर लिहून मोकळा होतो, आणि मग पोरांवरच चिडतो.

माझी गाडीही अशीच उतावळी. हैदराबादच्या माझ्या मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागे त्यांची जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार माझ्याकडे आली. बसणार दोनच माणसं, वर कापडी टप, आणि बूड रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच. परभणीत ती बाहेर काढली की लोक पानटपरी सोडून बघायला येत. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याच्यात बकरू बसंल का?" बोरी गावच्या मेंढपाळ घरातला माणूस. वाहन कामाचं की बिनकामाचं, हे ठरवायची त्यांची रीत हीच.

मिस्त्री कधी बसत नसत. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे, अर्धा सांडायचे. पण पाय क्लचवर गेला की एकदम शांत. डोळे मिटून पेडल हळूहळू दाबायचे, तितकंच हळू सोडायचे. मी काही सुचवायला गेलो की हात वर. "गाडी बोलायलीय सर, तुमी गप ऱ्हावा."

एका कापूस व्यापाऱ्याच्या जीपचा गियर पडत नव्हता. दुसरीकडे दोनदा क्लचप्लेट बदलून झाली होती. मिस्त्रींनी तीनदा पेडल दाबलं, खाली वाकले आणि पेडलखाली अडकलेली गालिच्याची जाड घडी ओढून काढली. पेडल तळापर्यंत जातच नव्हतं. व्यापारी ओशाळला. "गालिचा घरी हातरा शेटजी," मिस्त्री म्हणाले, "हितं पाय खाली जाऊ द्या." हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे त्यांच्या पायावर माझा माझ्या पुस्तकांपेक्षा जास्त भरवसा बसला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीने कुरकुर सुरू केली. इंजिन बंद असताना सगळे गियर अलगद पडायचे. इंजिन सुरू केलं की पहिला आणि रिव्हर्स टाकताना असा कर्रर्र आवाज यायचा की माझेच दात आंबायचे. मिस्त्रींनी पाय धुतला, पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. एरवी तीनदात निकाल देणारा माणूस, त्या दिवशी दहा-बारा वेळा दाबत राहिला. मग म्हणाले, "क्लच टनक हाय, त्याच्यात खोट न्हाई. गियरबॉक्स खोलावा लागंल."

माझं शास्त्र वेगळं सांगत होतं. इंजिन बंद असताना गियर पडतात, म्हणजे गियरबॉक्स ठीक आहे. क्लच पुरता सुटत नाहीये. पण त्या पायापुढे मी कोण बोलणार?

अठरा दिवस गाडी ठोकळ्यांवर होती. रोज कॉलेज सुटलं की मी शेडमध्ये हजर. घड्याळ बघ, येरझाऱ्या घाल, "झालं का?" विचार. "घाई हाय का? मंग एष्टीनं जावा," हे उत्तर ठरलेलं. एका बाजूने मी फिरतोय, दुसऱ्या बाजूने ते. अखेर गियरबॉक्स उघडला तर दाते नव्यासारखे. त्यांनी तो पुन्हा जोडला, गाडी सुरू केली. आवाज तोच.

माझा धीर सुटला. मी सीटवर बसलो, बूट-मोजे काढले आणि त्यांच्यासारखंच डोळे मिटून पेडल दाबलं. अर्ध्यापर्यंत ते पोकळ जात होतं. दोन-तीनदा झपझप दाबलं, तेव्हा कुठे भरीव लागलं, आणि गियर मुकाट्याने पडला. क्लचच्या तेलाच्या नळीत हवा शिरली होती. बस, एवढंच.

शेडमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "अठरा दिवस, मिस्त्री! पेडल पोकळ आहे आणि तुम्ही टणक म्हणता? जमत नसेल तर तसं सांगायचं!"

मी खाली उतरलो. मिस्त्री पाय न धुताच गाडीत बसले, पेडल दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "मला तर टनकच लागायलंय, सर."

त्यांनी पाय उचलला तेव्हा मला तळवा दिसला. त्यात पेरभर तारेचा तुकडा रुतला होता आणि भोवती रक्त वाळून काळं पडलं होतं.

"मिस्त्री, पायात तार आहे."

"कुठं?"

वाकून त्यांनी ती बघितली आणि टायरमधला खिळा काढावा तशी उपसली. चेहऱ्यावर एक रेषसुद्धा हलली नाही.

मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साखर वाढलेली, तीही बऱ्याच वर्षांची. डाव्या पायाची जाणीव गेलेली. दोन बोटं काढावी लागली. यापुढे अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

जखम भरल्यावर त्यांनी आधी माझी गाडी मागवली. "तुमी दाबा, मी इचारतो."

"कुठं धरला?"

"मध्यावर."

"मध्यावर म्हंजी? धा मानसांचे धा मध्य असत्यात. बोटं मोजून सांगा."

दुपारभर त्यांनी माझी अशी उलटतपासणी घेतली, नळीतली हवा काढली, गळका रबर बदलला आणि गाडी ठणठणीत करून दिली. पण इतर गिऱ्हाइकांना एवढा दम कुठला? स्वतःच पेडल दाबायचं आणि वर शिव्या खायच्या! एकेक जण दुसऱ्या गॅरेजची वाट धरू लागला. मिस्त्रींनी शेडला कुलूप लावलं आणि ते बोरीला, भावाच्या शेळ्यांकडे गेले.

गेल्या महिन्यात मी गाडी घेऊन बोरीला गेलो. मिस्त्री बूट घालून शेळ्यांच्या वाड्याभोवती फेऱ्या मारत होते. त्यांना शेजारी बसवून झरी गावाच्या दिशेने निघालो. थोडं अंतर गेल्यावर मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी चारचौघांत मी तुम्हाला बोललो, ते फार चुकलं. मला माहीत नव्हतं."

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "आदल्या दिवाळीपासून. पायाला काईच कळंना. निसत्या अंदाजानं सांगायलो व्हतो."

"मग बोलला का नाहीत? अहो, पाय गेला असता सगळा!"



"कुनाला सांगू, सर? लोक गाडी माझ्याकडं आनतच न्हवते, ह्या पायाकडं आनायचे. पायच मेलाय म्हनून सांगितलं असतं, तर मंग मी कोन?"

मी गाडी कडेला उभी केली. मला पुढे चालवता येईना.