दोन गप्प बहिणी

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात.

वडील बँकेच्या बदलीने लखनौला आले आणि मी इथेच दरोगा, म्हणजे फौजदार, झालो. ठाण्याचा प्रभारी असताना नव्या शिपायांना मी एक व्याख्यान हमखास देई. "गप्प माणसं दोन प्रकारची. एक घुमं, दुसरं आतल्या गाठीचं. दिसायला सारखी, पण मला एका नजरेत कळतात." शिपाई मान डोलवत. साहेबांच्या व्याख्यानाला दुसरं काय करणार?

एका सकाळी इंदिरा नगरातल्या मराठी घरातून फोन आला. अप्पा बेपत्ता. निवृत्त शास्त्रज्ञ, ऐंशीच्या घरातले, विसरभोळे, हृदयाचे रुग्ण. दुपारची गोळी चुकली तर जिवाला धोका. घरात दोन मुली. अविवाहित धाकटी त्यांना सांभाळायची. थोरली पुण्याची, संध्याकाळच्या विमानाने अप्पांना कायमचं घेऊन जाणार होती. दोघीही मोजकं बोलणाऱ्या.

कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्याने खबर दिली, "साहब, बाबूजी तो ऑटो में गए। साथ में कोई दीदी थीं, मुँह पर दुपट्टा बँधा था।"

अप्पा अनोळखी माणसाबरोबर फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. म्हणजे दोघींपैकी एक. मी बैठकीतच चौकशी मांडली.

धाकटी शांतपणे म्हणाली, "मी औषधं आणायला गेले होते. रांग होती, अर्धा तास लागला."

थोरलीला विचारलं, "सकाळी कुठे होतात?"

"इथेच... म्हणजे बाहेर."

"बाहेर कुठे?"

तिच्या हातात ओढणीचा पिळा, नजर जमिनीवर. झालं, माझी खात्री पटली. बहिणीने अडवू नये म्हणून हिनेच अप्पांना आधी हलवलं! ठाण्यात फोन हिनेच केला होता, पण तोही मुद्दाम केला असणार. हुशारी अंगात आली की माणसाला काहीही पटतं. मी आवाज चढवला, अपहरणाची कलमं ऐकवली. ती आणखीच मिटली.

तेवढ्यात बरोबरच्या महिला शिपायाने मला व्हरांड्यात बोलावलं. "सर, एक बात कहें? बुरा मत मानिएगा।"

"बोलो."

"फोन तीन बार बजा। बड़ी वाली हर बार उछल पड़ीं। छोटी वाली ने गर्दन तक नहीं घुमाई। जिसका बाप खोया हो, वो फोन की तरफ देखेगी भी नहीं?"

तिन्ही वेळा मी तिथेच होतो. घंटीने माझ्या चौकशीत व्यत्यय आला म्हणून चिडलोही होतो.

आत जाऊन मी धाकटीला हळूच विचारलं, "ताई, गोळी दिलीय ना बरोबर?"

"दिलीय. जेवल्यावर घ्यायची. डबीवर चिठ्ठी लावलीय," ती म्हणाली आणि रडू लागली. "फक्त विमान चुकेपर्यंत लपवणार होते. बारा वर्षं रोज सकाळी त्यांचा चहा करतेय. उद्यापासून कुणाचा करू?"

शहराबाहेर बख्शी का तालाब गावात जुन्या मोलकरणीच्या अंगणात अप्पा खाटेवर बसून पेरू खात होते. त्यांना पाहिल्यावर थोरलीला कंठ फुटला. "मी सकाळी पार्कात होते. बाकावर बसून पाठ करत होते."

"काय?" धाकटीने विचारलं.

"'तूपण चल.' एवढंच. तीन दिवस झाले, जमतच नव्हतं. तुझंही तिकीट काढलंय मी."

"अगं, मग देवाने तोंड कशाला दिलंय?"

"तुला कशाला दिलंय?"

"भांडू नका गं," अप्पा म्हणाले. "पेरू घ्या."

रजिस्टरमध्ये मी 'सकुशल बरामद', म्हणजे सुखरूप सापडले, असं लिहिलं. विमान त्या संध्याकाळी अमौसी विमानतळावरून त्यांच्याशिवायच गेलं. घर आवरायला महिना लागला, मग तिघं एकदमच पुण्याला गेली.

घुम्या माणसाला सांगायचं असतं, पण सांगता येत नाही. आतल्या गाठीच्याला सांगता येतं, पण सांगायचं नसतं. गाठ एखाद्या नेमक्या प्रश्नाने सुटते. घुम्या माणसाला मात्र वेळ द्यावा लागतो. थोरलीला मी दम दिला, कलमं दिली, वेळ तेवढा दिला नाही. म्हणून त्याच अंगणात तिची माफी मागितली.  या खेपेला तिचं उत्तर येईपर्यंत मी थांबलो.

"अप्पा सापडले ना," शेवटी ती म्हणाली. "बाकीचं विसरले मी."